भिंतीवरचे आकडे

१२ एप्रिल, सांगली

मानसिंगरावांचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. ते बोरमाळच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. जूनपासून शाळेला नवा मुख्याध्यापक नेमायचा आहे. म्हणाले, "डॉक्टर मॅडम, ज्येष्ठता बघितली तर एक गट उठतोय, वशिला बघितला तर दुसरा. तुमी मानसशास्त्रवाल्या. बुद्धीची, नेतृत्वाची काय चाचणी असंल ती घ्या. तुमचा आकडा आला की कुणाला तोंड उघडायला जागा न्हाई."

मी डॉक्टर नाही. प्रबंध अजून द्यायचाय, थोडी डागडुजी राहिली आहे. पण हे फोनवर कशाला काढा, म्हणून गप्प बसले.

उमेदवार तीन. विज्ञान शिकवणाऱ्या रेश्माताई. पाचगणीच्या बोर्डिंगात शिकवून आलेला शंभूराज, जो अध्यक्षांचा मेव्हणाही आहे. आणि तिसरं नाव ऐकलं तेव्हा बोट विळीवर गेलं. ऋषिराज. भाऊसो सरांचा मुलगा.

बोटावर हळद दाबून धरली आणि हसले. खरंच हसले. घरात एकटं असण्याचा हा एक फायदा, असं हसताना कुणी बघत नाही.

१३ एप्रिल

रात्रभर भिंत डोळ्यांपुढे होती. लिहूनच टाकते.

आमचं घर मेंढरांमागे फिरणारं. मी आणि बिरदेव कधी जन्मलो ते आईला फक्त पावसापाण्यावरून आठवायचं. तो माझ्याहून वर्षाने मोठा असावा. बोरमाळच्या माळावर मेंढरं बसली होती तेव्हा भाऊसो सर आले, वडिलांशी भांडले आणि दोघांनाही एकाच दिवशी शाळेत घातलं. जन्मतारीख म्हणून दोघांच्याही नावापुढे १ जून लिहिली, तेव्हा सगळ्यांचीच लिहायचे. त्यामुळे कागदावर आम्ही जुळी. अजूनही दर १ जूनला सकाळी सकाळी बिरदेवचा फोन येतो, "जुळे, हॅपी बड्डे गं."

चौथीत असताना सर पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि बरोबर बुद्धी मोजायची पुस्तिका आणली. व्हरांड्यात एकेकाला समोर बसवून, हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवून त्यांनी सगळ्या पोरांची बुद्धी मोजली. मग वर्गाच्या भिंतीवर काव घेऊन आकडे लिहिले आणि ज्याने त्याने आपल्या आकड्याखाली बसायचं असं ठरलं. मोठे आकडे फळ्याजवळ, लहान आकडे दाराकडे. माझा एकशे अठ्ठावीस, पहिला. बिरदेवचा बाहत्तर. तो दाराशी, चपलांजवळ.

त्याच आठवड्यात सर म्हणाले, इतक्या हुशार मुलीला मायाक्का नाव शोभत नाही. आणि मी उत्कर्षा झाले.

बिरदेव सातवीत दोनदा बसला आणि परत मेंढरांमागे गेला. त्याची शाळा त्या भिंतीने खाल्ली. मी जन्मभर हाच विषय शिकले, शिकवला, तो त्या भिंतीसाठीच. ज्या हत्याराने माझा भाऊ मारला गेला तेच हत्यार आता सरांच्या मुलाच्या मानेवर ठेवायला मिळतंय. मी ते ठेवणार. इथे खोटं कशाला लिहू?

१९ एप्रिल

एसटीने तासगावला, तिथून बिरदेवच्या बेदाणा शेडवर. तो गाडी घेऊन स्टँडवर आला होता. गाडीचा नंबर ००७२. हा नंबर त्याने मुद्दाम मागून घेतलाय. लोकांना दाखवून सांगतो, "ही माझी बुद्धी. पासिंग झालेली हाय." सगळे हसतात. मला तो नंबर बघवत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ह्याचं इतकं जळलंय की ह्याला आता चटकासुद्धा लागत नाही.

शेडमध्ये जाळ्यांवरचा माल हलवून खाली पाडणं चाललं होतं. बायकांशी त्याची थट्टा चालू, मध्येच व्यापाऱ्याचा फोन, मध्येच मला, "माये, तुजं ते पुस्तक कवा देणार? नऊ वर्सं झाली. आमचा बेदाणा दोन आठवड्यात वाळतो." मी म्हटलं, घाईने दिलं आणि नापसंत झालं तर? तो म्हणाला, "मग परत द्यायचं." त्याला काय कळणार.

तो मला गाडी शिकवायचं म्हणत होता. एकदा स्कूटरचा क्लास लावला होता तेव्हा लायसनच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना पाय टेकला, तेव्हापासून मी नाद सोडला. ज्यात आपली गती नाही त्यात पडूच नये.

चाचणीचं त्याला कळलं होतं. म्हणाला, "ऋषीला द्या की. लय चांगला माणूस हाय. माझा दोस्त हाय त्यो लहानपणापासनं." मी विषय बदलला. मास्तराच्या मुलाची बेदाणावाल्याशी दोस्ती कशाची असते ते मला माहीत आहे. गॅदरिंगला देणगी लागते. माझा भाऊ भोळा आहे.

त्याची मुलगी राणी पाचवी झाली. ती त्याच शाळेत आहे. मला बेदाणे निवडून देत होती, देठ काढून.

२६ एप्रिल, सातारा

मला सरांचं घर बघायचं होतं. सूड घ्यायचा तर कुठे लागेल ते बघून घ्यावं.

निवृत्तीनंतर ते साताऱ्यात असतात. गेले तर अंगणात खुर्ची टाकून ताठ बसलेले. बुशशर्टची वरची बटणंसुद्धा लावलेली. मला वाटलं होतं म्हातारा खंगलेला असेल, त्याची कीव येईल आणि माझा राग नासेल. तसं काही झालं नाही. मला बघताच म्हणाले, "एकशे अठ्ठावीस."

नाव नाही घेतलं. आकडा घेतला.

मग शेजाऱ्याला हाक मारून बोलावलं. "ही बघा. मेंढरांतून उचलून आणली. मी मोजलं तेव्हा लोक हसले होते. आता कॉलेजात बुद्धी शिकवते." म्हणजे मी त्यांचा पुरावा आहे. माझ्या सगळ्या आयुष्यावर त्यांची सही आहे. 

मी विचारलं, "आणि सर, ज्यांचे कमी आले त्यांचं?"

"कमी ते कमीच. पेरलं तसं उगवतं. आपण फक्त मोजायचं."

जाता जाता ऋषिराजचा विषय काढला. चाचणी मी घेणार हे त्यांना ठाऊक होतं. वाटलं, शब्द टाकतील. पण ते दुसरीकडे बघत म्हणाले, "त्याचं काही खरं नाही. समोर घड्याळ ठेवलं की त्याचं डोकं बंद पडतं. लहानपणापासून. तू तुझं काम कर, बाळ. मुलाहिजा नको."

बापानेच मुलाचं मर्म हातात दिलं. म्हातारपणी जीभ सैल होते ती अशी. एसटीत बसून पिशवीतल्या तिकिटामागे लगेच लिहून ठेवलं: घड्याळ.

३ मे

चाचणी बांधतेय.

वर्गात मी काय शिकवते ते मला पाठ आहे. एक तट म्हणतो, बुद्धी एकच, सगळ्या कामांच्या मुळाशी असलेली, तिला एका आकड्यात पकडता येतं. दुसरा म्हणतो, बुद्ध्या अनेक. कुणाची शब्दांत, कुणाची हातांत, कुणाची माणसं ओळखण्यात. झटकन कोडं सोडवायची बुद्धी तरुणपणी जास्त असते आणि उतरत जाते. अनुभवाने साठलेली मात्र वाढत राहते, आणि संस्था चालवायला तीच लागते. मुलांना "तू हुशार" म्हटलं तर ती अवघड गणित टाळायला लागतात, "तू कष्ट घेतलेस" म्हटलं तर भिडतात, हेही मी दरवर्षी जुलैत शिकवते. शिकवताना त्या तासाला दरवर्षी माझा घसा बसतो. पावसाळी हवा असते.

तर शास्त्राप्रमाणे मुख्याध्यापकाच्या चाचणीत घड्याळाला काही काम नाही. हे मला माहीत आहे. तरी निम्मे गुण वेळेच्या कोड्यांना ठेवले. कुणी विचारलंच तर उत्तर तयार आहे: संकटात नेत्याला झटपट निर्णय घ्यावे लागतात. ऐकायला किती बरं वाटतं. बुद्धीच्या शास्त्रात इतके सिद्धांत आहेत की ज्याला जो मारायचा त्याच्या मापाचा दगड सापडतोच.

उरलेले गुण गटकार्य आणि मुलाखतीचे. तिथे मी बघतेच.

मेजावर ठेवायला मोठं, टिकटिक करणारं घड्याळ घेतलं. हरभट रोडला मिळालं.

१० मे, बोरमाळ

आज झालं. सविस्तर लिहिते.

सकाळी लवकर पोचले, शिपायाकडून जुना वर्ग उघडून घेतला. मला भिंत बघायची होती. कावेचे आकडे चुन्याखाली गेलेले असणार, हे धरूनच गेले होते. गेलेच होते. पण त्यांच्या जागी नवे होते.

दाराशेजारच्या भिंतीवर, जिथे बिरदेव बसायचा बरोबर तिथे, पेन्सिलीने लिहिलेली नावं आणि प्रत्येक नावापुढे आकडे, खालून वर चढत गेलेले. १०९, ११५, १२०. दुसऱ्यापुढे १२१, १२६, १३३. दर वर्षाचा वेगळा. आणि कोपऱ्यात, "राणी बिरदेव: ११२, ११८, १२२, १२७, १३१."

 बापाने एकदा मोजलं, ह्याने दर वर्षी मोजायचा धंदा लावलाय. वर्षागणिक आकडे वाढलेत म्हणजे पोरांकडून पुस्तिकेचा सरावही करून घेत असणार. आणि माझ्या भाचीलासुद्धा भिंतीला टांगलंय. शेवटचा आकडा माझ्यापेक्षा तीनने जास्त. हे मी का लिहिलं कुणास ठाऊक.

शिपायाला विचारलं, हे कुणी लिहिलं? "ऋषी सर. जूनमधी लिवत्यात. पोरं लय उड्या मारत्यात आकडा वाढला की." तेवढ्यात मानसिंगराव आले आणि बोलणं तिथेच राहिलं. आणखी विचारायची गरज नव्हती. मनात जो काही बारीकसा खडा टोचत होता, की मुलाचा काय दोष, तो निघून गेला.

घड्याळ मेजावर ठेवलं. ऋषिराज आत आला, त्याच्याकडे बघून थबकला, आणि मला त्याच्या कपाळावर घाम फुटताना दिसला. चाळिशीचा माणूस, दाढीत पांढरे केस, आणि पेन्सिल दोनदा हातातून पडली. शंभूराजने वेळेआधी कोडी संपवून पेन खिशाला लावलं. ऋषिराजची निम्मी राहिली. मला आनंद झाला. गोड वाटलं असं म्हणते, दुसरा शब्द नाही.

मग गटकार्य. प्रसंग दिला: सकाळची एसटी आली नाही, दोन शिक्षक रजेवर, खिचडीचा तांदूळ संपलाय. वीस मिनिटांत दिवसाची आखणी करा. शंभूराजने लगेच खडू घेतला आणि फळ्यावर चौकट काढून कामं वाटली, अर्धं इंग्रजीत. रेश्माताई बावरल्या, कागदाकडे बघत राहिल्या. ऋषिराज काहीच लिहीना. मग म्हणाला, "पोरं आत्ता कुठं उभी असतील?"

शंभूराज म्हणाला, "म्हंजे?"

"एसटी न्हाई आली. मग ती फाट्यावर उन्हात असतील. आधी त्यांना आणू या. मॅडम, तुमचं गाव त्याच वाटंवर न्हवं का? तुमाला ठाऊक असंल, फाट्यावर टेम्पो कुणाचा मिळंल." त्यावर रेश्माताई एकदम बोलायला लागल्या आणि थांबेनात. टेम्पो, दूध आणणारा माणूस, शेजारच्या घरातून तांदूळ, सगळं त्यांनीच सुचवलं. वीस मिनिटं संपली तेव्हा ऋषिराजचा कागद कोरा.

मी नोंद केली: स्वतःचं काम अपूर्ण. निर्णय लांबणीवर. दुसऱ्याच्या कामात लक्ष.

मुलाखतीत विचारलं, "कमी बुद्धीच्या मुलांना तुम्ही कुठे बसवता?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बसायची जागा दर सोमवारी सरकते, मॅडम. पुढचं मागं, मागचं पुढं."

"का?"

"पुढं बसलेल्याला मागचं दिसत न्हाई. एकदा तरी दिसावं."

कुठल्या तरी शिबिरातलं पाठ केलेलं वाक्य. भिंतीवर आकडे लिहून वर हे. ढोंगाचे मी वेगळे गुण कापले.

११ मे

बेरीज केली. शंभूराज पहिला, रेश्माताई दुसऱ्या, ऋषिराज तिसरा आणि बराच खाली. अहवालात शेवटी लिहिलं, "नेतृत्वासाठी लागणारी बौद्धिक क्षमता सरासरीपेक्षा कमी." वाक्य तीन वेळा वाचलं. भाऊसो सरांच्या तोंडात शोभेल असं झालंय.

आज अहवाल पाठवला. मानसिंगरावांचा लगेच फोन, "मॅडम, झकास. घरचा मेव्हणा न्हाई, शास्त्र निवडून आलं असं सांगता येतंय." चोवीसला सभेत जाहीर करतील.

जेवण गेलं नाही. उन्हाळा फार आहे.

१७ मे

बिरदेव आला होता. न कळवता, भर दुपारी. पाणी प्यायला आणि उभ्यानेच विचारलं, "ऋषीला पाडलंस?"

अहवाल फुटलाय तर. मी म्हटलं, मी कुणाला पाडत नाही, चाचणीत जे आलं ते आलं.

"माये, माज्याशी असलं बोलू नगंस."

मग मी सांगितलं. सगळंच सांगितलं. की हे मी तुझ्यासाठी केलं. तुला चपलांजवळ बसवणाऱ्या माणसाच्या मुलाला मी दाराबाहेर काढलं. तीस वर्षं मी हा दिवस जपला. बोलताना मला रडू येत होतं आणि वाटत होतं, आता हा मला जवळ घेईल.

तो खाली बसला. खुर्चीवर नाही, फरशीवरच. म्हणाला, "चपलांजवळ मी एकटा न्हवतो. सातवीत मी दुसऱ्यांदा बसलो तवा ऋषी त्या वर्गात आला. सरांनी त्याचा बी आकडा काढला हुता. एक्क्याण्णव. पोटच्या पोराला माज्या शेजारी बसवलं, दाराशी. वर घरी गेल्यावर परत घड्याळ घिऊन बसायचे, आकडा वाढतोय का बघायला. वाढला न्हाई की जेवायला न्हाई. त्यो माज्या भाकरीतली खायाचा."

मी म्हटलं, हे मला कधी कुणी सांगितलं नाही.

"तू इचारलंस कवा? तू तवा आठवीत, फळ्यापाशी. तिथनं मागं बघायची चाल न्हवती."

मग मी भिंतीचं काढलं. म्हटलं, असेल तो बळी, पण त्यानेही तेच केलंय. पोरांची बुद्धी मोजून भिंतीवर लिहितो. राणीचीसुद्धा. मी डोळ्यांनी बघितलंय.

बिरदेव माझ्याकडे बघत राहिला. आधी त्याला कळेना. मग कळलं. एवढा हसरा माणूस, पण हसला नाही.

"उंच्या हायत त्या," तो म्हणाला. "पोरांच्या उंच्या. शाळा भरली की पयल्या दिवशी भिंतीला लावून उभं करतो आन् टाचंखाली बघतो, कोण चवड्यावर उभं ऱ्हातंय का. सेंटीमीटर हायत ते, माये."

खालून वर चढत गेलेले आकडे. दर जूनला. पोरं उड्या मारतात. मानसशास्त्राची प्राध्यापिका मी, मला एकशे एकतीस दिसला आणि बुद्धीच दिसली.

जाताना दारात म्हणाला, "अजून जाहीर झालं न्हाई. फोन कर मानसिंगरावांना. म्हण चूक झाली. चुकतं माणूस." आणि मग, "माज्यासाठी करतीस ना सगळं? मग हे कर."

१८ मे

फोन केला नाही.

विचार केला पुष्कळ. ऋषिराजचं वाईट झालं, हे मान्य. ते कबूल करायला मला जड जात नाही. पण अहवाल मागे घ्यायचा म्हणजे सांगायचं की चाचणी वाकडी होती. मग पुढे माझ्या शब्दाला कोण विचारणार? आणि प्रबंधाचाही विषय हाच आहे. मार्गदर्शक काय म्हणतील? आजवर माझं कधी काही चुकलेलं नाही. कुठून सुरुवात करतात तेही मला माहीत नाही.

आणि दुसरं. खरा हिशेब सरांशी आहे. ज्या माणसाने एकशे अठ्ठावीस म्हणून शेजाऱ्याला हाक मारली, त्याच्या मुलाला त्याच एकशे अठ्ठावीसने सरासरीपेक्षा कमी ठरवावं. हे त्यांना ऐकू जाऊ दे. निदान एक रात्र त्यांना झोप लागू नये. एवढं मला मिळायला हवं. ऋषिराजला पुढे दुसरीकडे कुठेतरी शब्द टाकता येईल. मी टाकेन.

बिरदेवचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

२४ मे

सभा झाली. शंभूराज मुख्याध्यापक. रेश्माताईंनी मला फोन करून सांगितलं, आभार मानताना माझं नाव तीनदा घेतलं म्हणे. ऋषिराजने उठून शंभूराजला हार घातला आणि खाली बसला.

बिरदेवचा फोन नाही.

साताऱ्याहून काही कळतंय का बघतेय. सर आता काय करत असतील? ताठ बसले असतील का?

१ जून

आज सकाळी बेल वाजली. मला वाटलं बिरदेव. दर वर्षी फोन करतो, ह्या वर्षी रागावलाय तर स्वतः आला असेल भांडायला. दार उघडलं तर भाऊसो सर. हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स. ह्या वयात, ह्या उन्हात, साताऱ्याहून एसटीने आलेले.

त्यांना आत घेतलं, पंखा लावला. मनात म्हटलं, आला. आता बोल.  हा क्षण मी लहानपणापासून मनात घोळवलाय. त्यात सर कधी रडतात, कधी हात जोडतात, कधी नुसते गप्प बसतात.

त्यांनी बॉक्स उघडून माझ्यापुढे धरला. "आज तुझा वाढदिवस. मीच दिलेला आहे, विसरीन कसा? आणि दुसरंही कारण आहे."

मी पेढा घेतला नाही. म्हटलं, "सर, निकाल कळला ना?"

"म्हणून तर आलो." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं तो पोरगा माझ्यावर डूख धरून आहे. म्हणतो, तुम्ही मला चुकीचं मोजलंत. मी त्याला म्हणायचो, बाबा, बाप म्हणून मलाही बरं वाटलं नव्हतं, पण आकडा आकडा असतो. त्याने माझं घर सोडलं. लोकही म्हणायचे, मास्तर, तुमची पुस्तिका खोटी. मलासुद्धा मध्यरात्री जाग यायची, उत्कर्षा. वाटायचं, खरंच चुकलं असेल का आपलं? स्वतःच्या पोराला?" त्यांनी चष्मा परत चढवला. "आता तू मोजलंस. सगळी नवी साधनं घेऊन. तेच आलं. आता मला झोप लागते."

मी बॉक्सचं झाकण लावलं. 

ते निघाले तेव्हा मी पाया पडायला वाकले, सवयीने. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझी सगळ्यात बरोबर आलेली मोजणी तू."

ते गेल्यावर बिरदेवला फोन लावला. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा राणीने उचलला. मी म्हटलं, बाबांना दे, आज आमचा वाढदिवस आहे ना.

"आत्या, बाबा इथंच बसल्यात. पण त्ये म्हणत्यात, त्यांचा वाढदिवस आज न्हाई. कवा असतो ते आज्जीला इचारून सांगतो म्हणाले."

 मागे टीव्हीचा आवाज येत होता.

"आत्या, ग्रुपवर मेसेज आलाय. नवे सर शाळा उघडली की सगळ्यांना तुझी चाचणी देणार हायत. घड्याळ लावून. आन् मग आकड्याप्रमाणं बसवणार. भिंत पण रंगवून घेतली, आमच्या उंच्या गेल्या सगळ्या." आणि मग हळूच, बाबांना ऐकू जाऊ नये असं, "आत्या, मला किती पडतील?"